उठलेला हात

छप्पन सालच्या पौषात आमच्या चऱ्होलीत टोचणारी मंडळी आली, तेव्हा सुमनचं लग्न ठरून महिना झाला होता. सुमन माझी धाकटी, सतरा पुरी झालेली. पिंपरीच्या बबनरावांचा मुलगा ज्योतीराम आम्ही बघितला होता. पेन्सिलीनच्या नव्या कारखान्यात बाटल्या धुवायच्या कामावर लागलेला, पगारी माणूस. मार्गशीर्षात सुपारी फुटली, फाल्गुनातली तिथी धरली आणि मी जरा पाठ टेकली. मालक जाऊन नऊ वर्षं झाली होती. थोरल्या भैरूचं लग्न केलं, सून आणली, जमीन राखली, सगळं एकटीनं. वाटलं, एवढं एक उरकलं की कोणी मला उठवायचं नाही.

तर जीप चावडीपुढं येऊन थांबली. दोन पुरुष आणि एक बाई. बाई खेडची, झुलेखाबाई नावाची, डोक्यावरून घट्ट पदर आणि पायांत पुरुषासारखे कापडी बूट. दवंडी आदल्या दिवशीच झाली होती, की क्षयाची लस देणार, पोरंटोरं आणि तरणी माणसं घेऊन या. निम्मा गाव ज्वारीच्या राखणीचं निमित्त काढून मळ्यात पळाला. आमच्या आळीतल्या बायकांनी तर दिवसाढवळ्या दारांना कड्या घातल्या.

एकेक दार ठोठावून मी त्यांना बाहेर काढलं.

"देवी टोचताना मेला न्हाईत, आता काय मरताय?"

"तवाची गोष्ट निराळी, छबूबाई. ही सुई म्हणं हाडात जाती."

"तुझ्या हाडात जायला सुई न्हाई, पहार लागंल. चल."

माझा शब्द गावात चालतो. चालतो म्हणजे लोक माझ्या तोंडाला भितात, पण काम होतं.

झुलेखाबाईंनी मनगटाच्या वर, आतल्या बाजूला, कातडीतल्या कातडीत सुई घातली. मसुराएवढी फुगी आली आणि थोड्या वेळात जिरली. बाई प्रत्येकाला सांगत होत्या, "आज नुसती परीक्षा आहे. तीन दिवसांनी येते, हात बघते, मग लस." मीही ते ऐकलं. पण देवीचं मला सगळं ठाऊक होतं, त्यामुळं हिचं निराळं काही ऐकून घ्यायची मला गरज वाटली नाही. देवी टोचली की हात उठला पाहिजे. उठला तर लागू पडली, न उठला तर पुन्हा टोचायची. आमच्या आईपासून हेच चालत आलेलं.

दुसऱ्या दिवशी सुमनचा हात लाल झाला. तिसऱ्या दिवशी सुपारीएवढा टणक गोळा आणि भोवती लाली. आळीतल्या बाकीच्या पोरांचे हात बघितले, तर कोरे. नुकती अंघोळ घातल्यासारखे कोरे. उद्धवराव पाटलांच्या नातवंडांचे तर सुई कुठं टोचली तेसुद्धा सापडेना.

मी सुमनचा हात धरला आणि तिला नदीवर धुणं धुणाऱ्या बायकांत नेऊन उभी केली.

"बघा. ह्याला म्हणत्यात उठणं. तुमची पोरं वरणभाताची. अंगात सत्त्व असंल तर उठंल ना."

"आई, चल की," सुमन हात सोडवून घेत होती.

"थांब. बघू दे त्यांना."

बायकांनी बघितलं. पाटलीणबाई लुगडं पिळत राहिल्या.

चौथ्या दिवशी सकाळी चावडीपुढं रांग लागली. झुलेखाबाई एकेकाचा हात बोटानं चाचपायच्या, पारदर्शक पट्टी लावायच्या आणि शेजारच्या माणसाला आकडा सांगायच्या. तो वहीत लिहायचा. शून्य. दोन. शून्य. तीन. आणि त्या शून्यवाल्या पोराला लगेच दंडावर दुसरी सुई. मला वाटलं, बरोबर आहे, नापास झालेल्यांना पुन्हा बसवतायत.

सुमनची पाळी आली. बाईंनी चाचपलं, पट्टी लावली, पुन्हा लावली.

"सोळा."

मी सगळ्या रांगेकडं वळून म्हणाले, "सोळा आणे. ऐकलं का?"

दोघंचौघं हसले. रांगेतल्या मागच्या बायका पुढं आल्या, बघू बघू म्हणत. झुलेखाबाई मात्र हसल्या नाहीत.

"हिला बाजूला बसवा. हिला लस नाही."

"का? पयला नंबर आला म्हनून?"

बाई माझ्याजवळ आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "आई, ज्यांचा हात असा उठतो, त्यांच्या अंगात क्षयाचे जंतू आधीच येऊन गेलेले असतात. त्यांना लस देत नाहीत. म्हणून तर ती आधी परीक्षा, मी सांगितलं होतं त्या दिवशी."

आवाज हलकाच होता त्यांचा. पण मीच सगळ्यांना जवळ गोळा केलं होतं, आणि सगळे गप्प झालेले. ऐकू न जाण्यासारखं एकही माणूस तिथं उरलं नव्हतं. सुमनच्या पाठीमागं उभ्या असलेल्या बाईनं आपलं पोर उचलून कडेवर घेतलं आणि दोन पावलं मागं सरली.

"वरणभाताचीच बरी बाई आपली," पाटलीणबाई कोणाकडं न बघता म्हणाल्या.

मी झुलेखाबाईंवर तुटून पडले. सुई घाण होती म्हणाले, पट्टी खोटी म्हणाले, खेडची माणसं अशीच म्हणाले. त्यांनी पुढच्या पोराचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "शून्य."

दुपारी त्या वही घेऊन आमच्या घरी आल्या. माझी सून हौसा चहा ठेवायला आत गेली. सुमन खांबाला टेकून बसली होती, पदर त्या हातावर ओढून. मी म्हणाले, "आता काय राह्यलंय?"

"दोन गोष्टी विचारायच्या आहेत. घरात कोणाला जुना खोकला होता?"

"न्हाई."

"हिचे वडील कशानं गेले?"

"दम्यानं."

बाईंनी लिहिलं नाही. टाक वहीवर आडवा ठेवला.

"दम्यानं हात उठत नाही, आई."

रिकाम्या पितळी घागरीवर दगड पडावा तसं ते माझ्यावर पडलं. नऊ वर्षांत 'दमा' या शब्दावर कोणी शंका घेतली नव्हती.

"नाव काय त्यांचं?"

मालकांचं नाव मी कसं घेणार? मी सुमनकडं बघितलं.

"मारुतराव," ती म्हणाली. आणि मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "बा रगत थुकायचे. राखेचं मडकं मीच न्यायची बाहेर."

"तू? तुला त्या पडवीत जाऊ देत न्हवते मी."

"तू मळ्यात गेलीस की जायची. त्यांच्या वाकळंतच झोपायची दुपारची. त्यांच्या ताटातलं खायची. ते न्हाई म्हनायचे, मी ऐकायची न्हाई."

आठ वर्षांची होती ती तेव्हा. मी त्या माणसाला गोठ्याशेजारच्या पडवीत ठेवलं होतं दोन वर्षं. ते खडकीला कामाला होते, दोन-दोन पाळ्या करायचे, आणि एक दिवस परत आले ते खोकतच. रक्त पडायला लागलं तेव्हाच मला कळलं. पण क्षय म्हटलं असतं तर भैरूला मुलगी मिळाली नसती, सुमनला कोणी विचारलं नसतं, आमच्या दारचं पाणी कोणी प्यालं नसतं. म्हणून दमा. ते गेले त्या दिवशी अंथरूण जाळलं, भांडी नदीपलीकडं पुरली. पोरांना लांब ठेवलं म्हणून मनात स्वतःला शाबासकी देत आले. आणि ही मळ्याकडं माझी पाठ वळायची वाट बघत बसलेली असायची.

आणि आठ वर्षांची पोर, तीही नऊ वर्षं 'दमा'च म्हणत आली. मी शिकवलं म्हणून.

"म्हंजी आता हीबी जानार?" मी विचारलं. आवाज चढवायची ताकद राहिली नव्हती.

"नाही. ऐका. हा रोग नाही, ही ओळख आहे." मग बाई पांढऱ्या पेशी, जंतू असं काहीतरी पाठ केलेलं बोलायला लागल्या.

"बाई, मी मराठी दुसरी शिकले. माझ्या कळण्यातलं सांगा."

त्या थांबल्या. हौसानं आणलेला चहा घेतला. बशीत ओतता ओतता म्हणाल्या, "तुमच्याकडं दागिने उजळून देणारे येतात का?"

"दोन वर्सांमागं आले हुते. तिघींच्या पाटल्या पाण्यात बुडवल्या, चकचकीत करून दिल्या आनि गेले. मागनं वजन केलं तर निम्म्या. त्या पाण्यातच सोनं उतरवून नेलं मेल्यांनी."

"ते पहिल्यांदा आळीत आले तेव्हा तुम्ही काय केलं?"

"काय करनार? बसायला पाट दिला. पानी दिलं."

"आणि आता आले तर?"

"मुसळ हाय घरात."

"माणूस ओळखू येईल?"

"मानूस कशाला, त्याची ती पिवळी पिशवी वेशीत दिसली तरी साऱ्या आळीच्या बाया बाहेर येतील."

"मग झालं. मी सुईतून ती पिशवीच घालते. नुसती पिशवी. आत माणूस नसतो, मेलेल्या जंतूंचं पाणी असतं ते. ज्या अंगानं चोर कधी बघितलाच नाही, तिथं पिशवी येते आणि जाते, कोणी दारसुद्धा उघडत नाही. तो कोरा हात. आणि ज्या अंगात चोर एकदा शिरून गेलाय, तिथं पिशवी दिसली की साऱ्या बाया मुसळं घेऊन धावतात. म्हणून तो हात लाल होतो आणि टणक होतो."

मी सुमनचा पदर बाजूला केला. तोच हात, तोच गोळा. मघापर्यंत मला त्याची शिसारी येत होती.

"ह्या बाया गोळा झाल्यात व्हय?"

"हो."

"आनि कोऱ्या हातांना दुसरी सुई दिली ती?"

"त्यात चोर असतो, पण दात पाडलेला. आळीत आणून बसवायचा, सगळ्यांनी त्याचं तोंड बघून ठेवायचं. पुढं कधी खरा आला तर पाट कोणी देऊ नये म्हणून."

चांगली सांगत होती बाई. तरी मला विचारावंसं वाटलं ते विचारलंच. "मग त्यांच्या अंगातल्या बाया कुठं गेल्या हुत्या? मालकांच्या? खडकीला दोन-दोन पाळ्या करायचे, जेवनाचा ठिकाना न्हाई."

"थकल्या असतील," त्या म्हणाल्या. "दोन पाळ्या, वेळेवर जेवण नाही. बाया थकल्या की चोराचं फावतं. ओळख असून उपयोग होत नाही मग."

हौसा दारात उभी राहून ऐकत होती. मी तिला म्हणाले, "उभी का? भाकरी कोन टाकनार?" ती आत गेली.

बाईंनी शेवटी खरं काय ते सांगितलं. सुमनच्या अंगातला चोर गेलेला नसेलही. बहुतेक वेळा बाया त्याला एका खोलीत कोंडून कडी घालतात. आत मरतो, किंवा जिवंत पडून राहतो. बाया धडधाकट आहेत तोवर बाहेर येत नाही. उपास, पाठोपाठ बाळंतपणं, उरापोटावरची कामं यांनी कडी सैल होते. म्हणून पुण्याला नेऊन छातीचा फोटो काढायचा, खोली बंद आहे का बघायचं.

जाताना जोड्यात पाय घालत म्हणाल्या, "मोठ्या माणसांत दहांतल्या पाच-सहांचा हात उठतो, आई. तुमची एकटीच नाही."

हे त्यांनी चावडीत मोठ्यानं सांगायला हवं होतं. पण चावडीत मी त्यांना बोलू कुठं दिलं?

चऱ्होलीहून पिंपरी ती किती लांब, बातमी लगेच पोचली. रविवारी कारखान्याला सुट्टी, त्या दिवशी भोसरीवरून बैलगाडी आली. बबनराव, त्यांची बायको इंदूबाई आणि ज्योतीराम. इंदूबाईंच्या मांडीवर फडक्यात बांधलेलं गाठोडं होतं. त्यात सुपारीच्या वेळी आम्ही दिलेलं लुगडं आणि नारळ असणार, हे मला त्या गाडीतून उतरायच्या आधीच कळलं.

गाडी दिसली तसा भैरू मला आत घेऊन म्हणाला, "आई, म्हण बाईनं चुकीचं मोजलं. गांधील चावली म्हण. आता हात उतरलाय, कोनाला कळतंय?"

खरंच उतरला होता. नुसता तपकिरी डाग राहिला होता. गांधील म्हटलं असतं तर खपलंही असतं, माझ्या तोंडून काहीही खपतं. आणि लग्न झाल्यावर पिंपरीच्या घरात पोर पहिल्यांदा खोकली असती, तर तिनं काय सांगितलं असतं? दमा? तीही पडवीत गेली असती.

पाणी पुढं ठेवलं. इंदूबाईंनी तांब्याला हात लावला नाही. माझ्या ते लक्षात आलं. मीही नऊ वर्षं हेच टाळत आले होते ना.

"विहीणबाई," बबनराव म्हणाले, "सुपारीच्या वक्ताला आमी विचारलं हुतं. मारुतराव कशानं गेले. तुमी दमा म्हनालात."

"व्हय."

"मग?"

"क्षयानं गेले. नऊ वर्सं दमा सांगून सांगून आता मीच दमले, बबनराव."

भैरू भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. इंदूबाईंनी गाठोडं मांडीवरून उचलून मधल्या पाटावर ठेवलं. मी त्यांना हात उठतो तो का, हे सांगितलं. पिवळी पिशवी सांगितली, आळीतल्या बाया सांगितल्या. झुलेखाबाईंसारखं जमलं नाही, पण चोराला कोंडलेली खोलीही लपवली नाही. तेवढं लपवलं असतं तर सगळं सांगून काय उपयोग?

इंदूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. धार त्यांच्याही जिभेला होती, एवढंच की त्या ती म्यानात ठेवायच्या.

"म्हंजी चोर कोंडलेलं घर आमी सून म्हनून न्यायचं?"

"घर मजबूत हाय म्हनून तर चोर कोंडलाय."

"कडी निघाली तर?"

मी तांब्या उगाच त्यांच्यापुढं सरकवला.  बाहेर बैलांच्या गळ्यातली घुंगरं वाजत होती.

ज्योतीराम तोवर जोड्यांपाशीच बसला होता. लग्नाच्या बोलण्यात मुलानं बोलायचं नसतं, तसा तो बोलतही नव्हता. आता खाली बघून म्हणाला, "आई, माझाबी उठला हुता."

"काय उठला हुता?"

"हात. दिवाळीच्या आधी. कारखान्याच्या गेटवर समद्यांना टोचलं. माझा अठरा भरला."

इंदूबाईंनी त्याच्या हाताकडं बघितलं. शर्टाची बाही खाली होती आणि आता वर करून काही दिसणारही नव्हतं.

"आनि तू घरी सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं असतं तर तू मला वेगळं ताट दिलं असतंस."

"अठरा," मी म्हणाले. "म्हंजी आमच्या पोरीच्या वर."

"आई, गप," भैरू म्हणाला.

"डॉक्टर म्हनले, भिऊ नका," ज्योतीराम सांगत होता, "आमच्या शिफ्टमधल्या निम्म्यांचा उठला. कुणाकडनं आला कुणास ठाऊक. चाळीत इतकी मानसं खोकत्यात."

बबनरावांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, पुन्हा घातली. इंदूबाई बराच वेळ पोराकडं बघत राहिल्या. रागानं नाही. मीही सुमनकडं त्या दुपारी तशीच बघत बसले होते, कुठं काय चुकलं ते आतून दिसेल असं वाटून.

मग इंदूबाई म्हणाल्या, "दोघांचाबी फोटो काढायचा. एकाच दिवशी. मग बघू." गाठोडं पाटावरून उचललं आणि परत मांडीवर घेतलं. दिलंही नाही, सोडलंही नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही पुण्याला गेलो. ज्योतीरामनं रजा काढली होती. दवाखान्यात सकाळपासून बाकावर बसून होतो, मी आणि इंदूबाई शेजारी शेजारी, पोरं समोर. चार तासांत आम्ही दोघी मिळून दहा शब्द बोललो असू. मला बसल्या बसल्या डुलकी येत होती. इतकी वर्षं एक गोष्ट लपवायला किती जागरण लागतं, ते ती सांगून टाकल्यावर कळतं.

डॉक्टर तरुण होता. त्यानं ज्योतीरामचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाला, स्वच्छ आहे. मग सुमनचा धरला. काळ्या कागदावर पांढऱ्या बरगड्या, आणि उजव्या बाजूला खाली, बरगड्यांच्या मधे, ज्वारीच्या दाण्याएवढा एक पांढरा ठिपका.

"हे काय?" इंदूबाई माझ्या आधी म्हणाल्या.

"चुना."

"छातीत?"

"हो. जंतूंना कोंडल्यावर अंग वर चुना चढवतं. हे जुनं आहे, सुकलेलं, बंद झालेलं. आजार नाही." त्यानं फोटो खाली ठेवला. "लग्न आहे ना? करा. पण हिला उपाशी ठेवायचं नाही. दूध, अंडी, डाळी. वजन उतरलं किंवा खोकला पंधरा दिवसांवर गेला, तर घेऊन यायचं. आता याला औषधं निघाली आहेत."

"आमच्या कारखान्यातलं चालंल?" ज्योतीरामनं विचारलं. जरा अभिमानानंच.

"पेन्सिलीन याला चालत नाही. याची औषधं वेगळी."

पोरगं हिरमुसलं. मला तो त्या वेळी पहिल्यांदा आवडला.

बाहेर एसटीच्या थांब्यावर सावली धरून उभ्या राहिलो. पोरं जरा लांब. इंदूबाई म्हणाल्या, "फाल्गुनाची तिथी राहू द्या."

मला हो म्हणून मोकळं होता आलं असतं. पण डॉक्टरचं बोलणं माझ्या कानात होतं, आणि सासरी पोरगी कशी जेवते ते मला ठाऊक होतं. मी तशीच जेवले होते वीस वर्षं. आधी पुरुष, मग पोरं, मग सासू, मग उरलं तर सून. ज्या दिवशी आलं-गेलं असेल त्या दिवशी खरवड आणि पाणी.

"माझी एक अट हाय."

"आता तुमची अट?" इंदूबाई म्हणाल्या. "लपवलं तुमी, आनि अट बी तुमची?"

"व्हय. सुमन शेवटी जेवनार न्हाई. तिचं ताट आदी वाढायचं."

"सुनंनं सासूआदी जेवायचं? आळीत तोंड दाखवायला जागा राहील का मला?"

"डॉक्टर काय म्हनला ते ऐकलंत न्हवं? उपाशी ठेवू नका म्हनला. शेवटी जेवनारी उपाशीच ऱ्हाती, तुमाला मी सांगायला पायजे?"

"तुमची सून कदी जेवती, छबूबाई?"

एसटी आली, भरलेली होती, न थांबता गेली. धूळ बसेपर्यंत मी तोंडावर पदर धरून उभी राहिले. हौसाला आमच्या घरात येऊन चार वर्षं झाली होती. ती जेवताना मी बघितल्याचं मला आठवेना. ताट घासताना आठवत होती.

  इंदूबाई खाली दगडावर बसल्या, चपला काढून पाय चोळू लागल्या. पायांना भेगा होत्या, माझ्यासारख्याच.

"माझ्या आदी न्हाई," त्या म्हणाल्या. "माझ्याबरोबर. माझ्या ताटाशेजारी तिचं ताट. त्यात जे माझ्या ताटात ते तिच्या. बस झालं?"

"अंडं?"

"मी माळकरी हाय. अंडं घरात शिजायचं न्हाई. ज्योतीराम काय बाहेरनं आनून चारील ते मला ठाऊक न्हाई आनि मी विचारनार न्हाई."

"बस झालं," मी म्हणाले.

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळला नव्हता. भैरूला सांगितलं, तिथी कायम. तो जेवायला बसला. मी बसले, सुमनला बसवलं. हौसा चुलीपुढून गरम भाकरी आणून टाकत होती.

"हौसा, ताट घे."

ती थांबली. हातातली भाकरी हातातच. "आत्याबाई, माझं काय चुकलं?"

"काई चुकलं न्हाई. ताट घे आनि बस."

तिनं भैरूकडं बघितलं. त्यानं माझ्याकडं. मग तिनं ताट घेतलं आणि दाराच्या आड, अर्धी आत अर्धी बाहेर अशी बसली. ताटात चतकोर भाकरी आणि कोरड्यासाचा रस्सा तेवढा वाढून घेतला. मी माझ्या ताटातली अर्धी भाकरी मोडून तिच्या ताटात टाकली. ती मान खाली घालून भराभर खायला लागली, कोणी हाक मारायच्या आत संपवावं तसं.

"सावकाश," मी म्हणाले. "कोन हाक मारनार न्हाई."

दोन घास गेले असतील आणि मला ठसका लागला. तोंडातून सवयीनं निघालंच, "हौसा, पानी आन."

ती उठायला लागली. मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवून तिला खाली दाबलं, आणि पाण्याच्या घागरीपर्यंत स्वतःच गेले.